गटार, कुत्रा आणि बिबट्या



स्मृतिव्याख्यानाला जंतांचा विषय घेऊन येणारा वक्ता तुम्हाला याआधी भेटला नसेल. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर जरा थांबून विचारले, "म्हणजे पोटातले जंत?" पोटातले नाहीत, हृदयातले. माणसाच्याही हृदयातले नाहीत; कुत्रा, कोल्हा, लांडगा आणि क्वचित बिबट्या-वाघांच्या कुळातल्या प्राण्यांच्या. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांच्याविषयी माझ्याहून अधिकाराने बोलणारी माणसे इथे समोरच बसली आहेत, म्हणून मी थेट विषयाकडे वळतो.

या जंताचे शास्त्रीय नाव डायरोफिलारिया इमिटिस. मादी पंचवीस ते तीस सेंटीमीटर लांब, नर तिच्या निम्म्याहून थोडा मोठा. रंग पांढरट, आणि जाडी शिजलेल्या शेवईएवढी. राहण्याची जागा म्हणजे हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी धमनी आणि, संख्या वाढली की, हृदयाचा उजवा कप्पा. कुत्र्यात तो पाच ते सात वर्षे जगतो. त्याचा एक भाऊबंद आहे, डायरोफिलारिया रिपेन्स. तो हृदयात जात नाही, कातडीखाली फिरत राहतो. भारतात इमिटिसची नोंद प्रामुख्याने ईशान्येकडच्या राज्यांतून होते. केरळपासून मुंबईपर्यंतच्या पट्ट्यात नाव ऐकू येते ते रिपेन्सचे. दोघांनाही एका प्राण्यातून दुसऱ्या प्राण्यात जायला एकच वाहन चालते, ते म्हणजे डास.

डास म्हटले की आपल्याला हिवताप आठवतो, आणि हिवतापाबरोबर रोनाल्ड रॉस, सिकंदराबाद आणि १८९७ चा ऑगस्ट. पण डासाला रोगाचा वाहक म्हणून पहिल्यांदा पकडले ते हिवतापासाठी नव्हे, जंतासाठी. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुइस यांना माणसाच्या रक्तात हत्तीरोगाच्या जंताची वळवळणारी सूक्ष्म पिल्ले दिसली. पाच वर्षांनी चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी रक्तात अशी पिल्ले असलेल्या आपल्या माळ्याला डासांच्या खोलीत झोपवले, सकाळी रक्त पिऊन तट्ट झालेले डास गोळा केले आणि रोज थोडे थोडे फाडून पाहिले. पिल्ले डासाच्या अंगात वाढत होती. अमॉयच्या गल्ल्यांतली कुत्रीही मॅन्सननी फाडली होती आणि त्यांच्या हृदयातले जंत पाहिले होते. म्हणजे हत्तीरोगाच्या शोधात कुत्रा पहिल्यापासूनच टेबलावर होता.

मॅन्सन एका ठिकाणी मात्र चुकले, आणि ती चूक तेव्हाच्या पुस्तकी ज्ञानाने घडवलेली होती. डासाची मादी अंडी घातली की मरते, असे त्यांनी वाचले होते. म्हणून त्यांनी कल्पना केली की डास पाण्यात मरतो, जंत पाण्यात उतरतो आणि माणूस ते पाणी पितो. हा गैरसमज वीसेक वर्षे टिकला. १९०० साली इंग्लंडमध्ये जॉर्ज लो यांना माणसाचा जंत डासाच्या सोंडेत सापडला, आणि त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि नोए यांनी कुत्र्याच्या हृदयातल्या जंताबाबत तेच दाखवले. जंत सोंडेतून उतरतो, डासाच्या अंगरसाच्या थेंबातून कातडीवर येतो आणि डासाने केलेल्या भोकातून आत शिरतो. ज्या गावठी कुत्र्याला आपण दगड मारून हाकलतो, त्याच्या कुळाने वैद्यकाला हे शिकवले. त्याची तसबीर कुठे लागलेली मी पाहिलेली नाही.

आता या जंताचा प्रवास थोडा सावकाश पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. हृदयातली मादी रक्तात पिल्ले सोडते. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. लांबी मिलिमीटरच्या एकतृतीयांशाच्या आसपास. ही पिल्ले त्याच प्राण्याच्या अंगात कितीही फिरली तरी मोठी होत नाहीत. डासाने रक्ताबरोबर ओढून घेतली तरच त्यांचे पुढचे आयुष्य सुरू होते. डासाच्या अंगात ती मूत्रनलिकांसारख्या बारीक नळ्यांत वाढतात, दोनदा कात टाकतात आणि सोंडेकडे सरकतात. पुढे नव्या प्राण्याच्या कातडीखाली, मग स्नायूंतून, आणि सुमारे अडीच-तीन महिन्यांनी फुप्फुसाच्या धमनीत. तिथे जोडी जमून नवी पिल्ले रक्तात यायला एकंदर सहा-सात महिने जातात.

डासाच्या अंगातला मुक्काम तापमानावर ठरतो. १४ अंशांच्या खाली वाढ थांबते. हिशेब असा मांडतात: दिवसाच्या सरासरी तापमानातून १४ वजा करायचे, उरलेले अंश रोज जमा करत जायचे, आणि बेरीज १३० झाली की जंत तयार. इथे मालव्यात जुलैची सरासरी २६ अंश धरली तर रोजचे १२ अंश जमा होतात, म्हणजे अकरा दिवसांत काम होते. जानेवारीची सरासरी १८ धरली तर रोजचे चारच अंश, आणि तेहतीस दिवस लागतात. डासाची मादी फार तर महिनाभर जगते. जंत पिकण्याआधी वाहनच मोडते. मालव्याच्या गार रात्रींचे कौतुक आपल्या आजोबांपासून चालत आले आहे. त्या गारव्याने आपल्या नकळत जनावरांसाठी एवढी पहारेदारी केली. पण डास काही हवामान खात्याच्या वेधशाळेत रात्र काढत नाही. तो गोठ्यात, कारखान्याच्या शेडमागे, गटारावरच्या फरशीखाली बसतो आणि तिथली ऊब निराळी असते.

पाळीव कुत्र्यात हा रोग कसा कळतो? कुत्रा खोकतो. जिना चढताना थांबतो. पूर्वी चेंडूमागे धावायचा तो अर्ध्यात बसतो. मालक काळजीने त्याला दवाखान्यात नेतो, म्हणजे रोग कळण्याचे साधन मालकाचे डोळे. लांडग्याला मालक नसतो. धमनीत जंत अडकले, फुप्फुसातला रक्तदाब वाढला, की पहिल्यांदा जातो तो दम, आणि लांडग्याचे पोट दमावरच चालते. सोफ्यावर झोपणारा कुत्रा दहा-बारा जंत घेऊन काही वर्षे काढतो. तेवढेच जंत असलेला लांडगा काळविटामागे शेवटच्या फर्लांगात मागे पडतो, उपाशी राहतो, मग शेळीकडे वळतो आणि काठीने मारला जातो. त्याच्या मृत्यूची नोंद 'माणसांनी मारला' अशीच होईल. जंगली मांसाहारी प्राण्यांतले जंत दिसत नाहीत याचे हे एक मोठे कारण मला वाटते: दुसरीच कारणे पुढे येऊन त्यांना झाकतात.

मांजरकुळाचे गणित आणखी वेगळे. मांजराच्या शरीरात हा जंत नीट रुजत नाही. येतात ते मूठभर आणि जगतात दोन-तीन वर्षे. पण तरुण जंत फुप्फुसात पोचून मरतात तेव्हाच फुप्फुस सुजते, म्हणून मांजराला थोडे जंतही महागात पडतात. बिबट्या आणि वाघ याच कुळातले, आणि परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत मोठ्या मार्जारांच्या अंगातही हे जंत निघालेले आहेत. मालव्यातले बिबटे या जंताने मरत आहेत असे मात्र मी म्हणत नाही. कोणी उद्याच्या वर्तमानपत्रात तसे छापू नये.

रानातल्या कुत्रावर्गीय प्राण्यांबाबत पुरावा भक्कम आहे. गेल्या काही दशकांत सोनेरी कोल्हा, म्हणजे आपल्याकडचाच कोल्हा, बाल्कन प्रदेशातून मध्य युरोपाकडे पसरत गेला. सर्बिया, रुमानिया, बल्गेरिया, हंगेरी इथल्या संशोधकांनी मारलेल्या आणि मेलेल्या कोल्ह्यांची हृदये उघडली आणि त्यांत हे जंत निघाले. खोकडाच्या जातीतल्या लाल कोल्ह्यातही निघाले, पण त्याच्या रक्तात पिल्ले फारशी सापडत नाहीत. तो डासाला पुढे देण्यासारखे काही ठेवत नाही. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनाच्या दलदलीत १९८७ पासून लाल लांडगे पुन्हा सोडले गेले. जगातल्या सर्वांत दुर्मीळ लांडग्यांपैकी ते एक, आणि त्यांच्यातही हृदयाचा जंत सर्रास. पकडले की त्यांना जंताचे औषध देऊन सोडावे लागते.

आता आपल्याकडे. २०१० साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी मला फार महत्त्वाची वाटते. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या कुत्र्यांचे रक्त तपासले गेले; संशोधकांत मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे शिक्षक होते. कुत्र्यांच्या रक्तात डायरोफिलारिया रिपेन्स आढळला, पिसवांमार्फत पसरणारा एक निरुपद्रवी जंतही आढळला, आणि लडाखमध्ये तर बहुधा नवीच जात असावी असा एक. या पाहणीचा अर्थ एवढाच की साठा आहे, आणि तो कुत्र्यात आहे.

आणि कुत्रा कुठे आहे? २०१९ च्या पशुगणनेत भारतातल्या भटक्या कुत्र्यांचा आकडा १ कोटी ५३ लाख होता. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर अबी वनक, अनिरुद्ध बेलसरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकुत्री आणि खोकड यांचे रक्त तपासले तेव्हा बहुतेक कुत्र्यांमध्ये डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंच्या संसर्गाच्या खुणा निघाल्या, आणि काही खोकडांमध्येही. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये पुढे आला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात, जिथे रान नावालाही नाही आणि बिबट्या उसात राहतो, तिथे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेतून त्याचा आहार काढला. वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के कुत्री.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण व्याख्यानानंतर हा प्रश्न हमखास येतो. कुत्रा खाल्ल्याने बिबट्याला हा जंत होत नाही. रक्तातली पिल्ले पोटात गेली की संपली. त्यांना डासाचा टप्पा टाळता येत नाही. बिबट्याला धोका कुत्र्याच्या मांसात नाही, कुत्र्याच्या शेजारात आहे. ज्या उसाच्या बांधावर तो कुत्र्याची वाट पाहत तासभर दबा धरून बसतो, त्याच बांधावर त्या कुत्र्याला चावलेले डासही असतात. कोल्ह्याचे तर विचारूच नका. कोंबडीच्या दुकानांचा कचरा गावाबाहेर जिथे पडतो तिथे रात्री आधी कुत्री, मग कोल्हे. जेवणाची वेळ वेगळी, डास तेच.

म्हणून मी पीथमपुरला आलो. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांचे वडील ऐंशीच्या दशकात पुण्याच्या बाजूने, वाहनांच्या कारखान्यांबरोबर इथे आले. धार आणि देवासचा मराठी माणूस त्याआधी दोन-अडीचशे वर्षे पवार सरदारांबरोबर आलेला. हा दुसरा लोंढा नट-बोल्ट घेऊन आला. एका बाजूला महू आणि जानापावचे डोंगर, दुसऱ्या बाजूला धार, आणि मधे हे शहर. महूच्या लष्करी महाविद्यालयाच्या आवारात २०२३ च्या उन्हाळ्यात वाघ कॅमेऱ्यात दिसला. देवास जिल्ह्यात खिवनी अभयारण्य आहे. रान इथून लांब नाही.

आणि इथे टायर आहेत. नवे टायर धार जिल्ह्यातच बनतात, जुने महू-नीमच रस्त्याच्या कडेला पंक्चरवाल्यांच्या आणि भंगारवाल्यांच्या दारात रचलेले असतात. टायर कसाही ठेवा, त्याच्या पोटात पाणी साठतेच. पट्टेरी डास आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या वर अंडी चिकटवतो, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. या डासाची, एडीस अल्बोपिक्टसची, शास्त्रात पहिली नोंद १८९४ साली कलकत्त्याच्या नमुन्यांवरून झाली. पुढे तो जगभर गेला तो बऱ्याच अंशी जुन्या टायरांच्या व्यापारातून: १९७९ मध्ये अल्बेनिया, १९८५ मध्ये ह्यूस्टन, १९९० मध्ये जिनोआ. इटलीत तो स्थिरावला आणि तिथे कुत्र्यांचे हे दोन्ही जंत वाहू लागला. कलकत्त्याचा डास अमेरिकेमार्गे इटलीच्या कुत्र्यापर्यंत रबरावर बसून गेला. दिवसा तो, रात्री गटारातला क्यूलेक्स डास. जंताला दोन्ही पाळ्यांत वाहन मिळते.

२०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा या गावात जाळायला आणला तेव्हा इथली माणसे रस्त्यावर आली. ती भीती मला खोटी वाटत नाही. भोपाळ ज्याने ऐकले त्याला ती वाटणारच. पण त्याच रस्त्यावर टायरांचे ढीग होते आणि त्यांच्याकडे कुणी वळून पाहिले नसेल. डास डेंग्यू आणतो तेव्हा पालिका धुराचे यंत्र फिरवते. त्या धुराने उडते डास थोडे कमी होतात, टायरमधल्या अळ्यांना तो लागतही नाही.

औषध काय, असे तुम्ही विचाराल. हत्तीरोगासाठी डायएथिलकार्बामाझिन आपल्याच भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली अमेरिकेत लेडर्ले कंपनीत तयार झाले, १९४७ च्या सुमारास. नागपूर, गडचिरोली, चंद्रपूरकडे आरोग्य कर्मचारी वर्षातून एकदा समोर उभे राहून जी गोळी गिळायला लावतात ती हीच. पण रक्तात पिल्ले असलेल्या कुत्र्याला ती दिली तर कुत्रा धक्क्याने दगावू शकतो. कुत्र्यासाठी आयव्हरमेक्टिनच्या गटातली महिन्याची मात्रा, डास चावल्यानंतरच्या कोवळ्या जंतांवर चालणारी; त्या शोधाला २०१५ चे नोबेल मिळाले. मोठे जंत मारायला मेलार्सोमिन नावाचे आर्सेनिकचे इंजेक्शन. ते दिल्यावर मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात अडकतात, म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे बांधून, शांत ठेवावे लागते. बिबट्याला कोण सांगणार की महिनाभर पडून राहा? उपचाराची वाट रानात शिरायच्या आधीच बंद होते. जे करायचे ते गावाच्या बाजूनेच, कुत्र्याच्या अंगात आणि टायरच्या पाण्यात.

भटक्या कुत्र्यांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांवरून देशभर जो वाद झाला तो चावणे आणि रेबीज यांभोवती फिरला. ते स्वाभाविकच. पण नसबंदीसाठी कुत्रा टेबलावर आडवा असतो तेव्हा त्याच्या पायातून एक मिलिलिटर रक्त काढायला कितीसा वेळ लागतो? ते रक्त नऊ मिलिलिटर पातळ फॉर्मॅलिनमध्ये मिसळायचे, यंत्रात फिरवायचे, तळाशी बसलेल्या गाळावर निळा रंग टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. याला नॉटची चाचणी म्हणतात आणि तिला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इथून अर्ध्या तासावर. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी याहून स्वस्त आणि उपयोगी विषय मी सुचवू शकत नाही. रक्त संध्याकाळी काढले तर अधिक बरे, कारण त्या सुमारास पिल्ले कातडीजवळच्या रक्तात जास्त येतात.

जंत एकटा क्वचितच मारतो, हे कुणी म्हणेल तर मी मान्य करीन. पण १९९४ मध्ये सेरेंगेटीत डिस्टेंपरने सुमारे हजार सिंह गेले तेव्हा नंतरच्या अभ्यासात दिसले की दुष्काळाने वाढलेल्या गोचिडांनी पसरवलेला रक्तातला परजीवी त्या सिंहांत आधीच बसलेला होता. विषाणू पूर्वीही येऊन गेला होता. तेव्हा सिंह तगले होते. २०२३ च्या पावसाळ्यात कुनोत गळपट्ट्याखालच्या ओल्या जखमांत अळ्या पडून चित्ते दगावले. आफ्रिकेच्या हिवाळ्याची वाट पाहणाऱ्या त्यांच्या अंगाने आपल्या पावसात दाट केस वाढवले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोन चित्ते आपल्या मालव्याच्या कडेला, गांधीसागरला आणले गेले. चित्त्याचे पोट धावण्यावर, आणि त्याहून वेगाने धावणारा प्राणी जमिनीवर नाही. त्यांच्या कुंपणाबाहेरच्या गावांतल्या कुत्र्यांना रेबीजची लस द्यावीच, आणि त्याच सुईच्या निमित्ताने रक्ताचा तो एक थेंबही घ्यावा.

माणसांविषयी थोडक्यात. आपल्यात हे जंत सहसा पिकत नाहीत. रिपेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली येतो आणि नेत्रतज्ज्ञ तो चिमट्याने काढतो. केरळात अशा रुग्णांची नोंद बरीच आहे. इमिटिस फुप्फुसात गोल गाठ करतो, आणि ती कर्करोगाची समजून छाती उघडली गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

शेवटी वनखात्याच्या मित्रांसाठी एक गोष्ट. इंदूर-धार रस्त्यावर किंवा आग्रा-मुंबई मार्गावर गाडीखाली आलेला कोल्हा, तरस किंवा बिबट्या सापडतो तेव्हा पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, मग जाळतात. मृत्यूचे कारण डोळ्यांसमोर असते, म्हणून हृदय वरवर पाहून बाजूला ठेवण्याचा मोह होतो. ते तसे ठेवू नका. उजवा कप्पा आणि तिथून फुप्फुसाकडे जाणारी धमनी उभी चिरा, आत पाण्याची धार सोडा आणि जे निघेल ते स्पिरिटच्या बाटलीत घाला. काही निघाले नाही तर 'जंत नाहीत' एवढे लिहा, तारीख आणि जागा टाका. तेही तितकेच लागते. बाटल्या माझ्याकडे आहेत. जाताना घेऊन जा.